जुलैतला मठ्ठपणा

स्केलब्रो टाउन या फुटबॉल क्लबच्या खेळाडूंची डोकी वर्षातून एकदा, जुलै महिन्यात तपासली जात, आणि त्या एका सकाळी संघातल्या हुशारातल्या हुशार माणसालाही डिसेंबरच्या आधी कोणता महिना येतो ते आठवत नसे.

यात गूढ काही नव्हतं. हंगाम सुरू होण्याआधी फिजिओ एकेकाला आपल्या खोलीत बोलवायचा. दहा शब्द वाचून दाखवायचा आणि ते परत म्हणायला लावायचा. मग आकडे उलटे, महिने उलटे, आणि शेवटी डोळे मिटून एका पायावर उभं राहणं. पुढे हंगामात कुणाच्या डोक्याला मार बसला, की हेच सगळं पुन्हा विचारून जुलैतल्या गुणांशी ताडून पाहायचं. गुण घसरले, तर खेळाडू बाहेर. चौथ्या डिव्हिजनमध्ये बाहेर बसलेल्या माणसाची जागा एकदा दुसऱ्याने घेतली, की तो दुसरा जिवंत असेपर्यंत सोडत नाही. म्हणून सगळे जुलैत मुद्दाम चुकायचे. मुळात वर चढायचंच नाही, म्हणजे घसरायचा प्रश्न नाही.

ही युक्ती गॉर्डन थ्वेटची. गॉर्डन म्हणजे क्लबचा जुना सेंटर-हाफ, बचावफळीतला मधला गडी. तपासणीचा नियम आला तेव्हा तो सहाय्यक कोच होता. त्याने सगळ्यांना ड्रेसिंग रूममध्ये बसवून, चेहरा भोळा करून, प्रात्यक्षिकच दाखवलं होतं. "पोरांनो, जुलैत मठ्ठ व्हा. जानेवारीत तुम्हाला कुणी वेडं ठरवू शकणार नाही." पोरं हसून हसून बाकांवरून पडली होती. त्यांत डीन ओल्डरॉइडही होता.

डीन आता संघाचा कर्णधार होता आणि संघातला सगळ्यात म्हातारा माणूसही. म्हणजे पस्तिशीला आलेला. ज्यांना खेळता येत नाही त्यांच्याकडून चेंडू काढून घ्यायचा आणि आपल्याला खेळता येतं असं ज्यांना वाटतं त्यांच्याकडे सोपवायचा, एवढं मिडफिल्डरचं काम तो इमानेइतबारे करत आला होता. खालच्या डिव्हिजनमध्ये चेंडू बहुतेक वेळ मिडफिल्डच्या डोक्यावरूनच जातो. एका टोकाचा गोलकीपर तो आभाळात मारतो आणि दुसऱ्या टोकाचा तो आभाळातूनच परत पाठवतो. मधल्या माणसाला नुसतं प्रेक्षक म्हणून राहायचं नसेल, तर चेंडूला डोकं घालावं लागतं. डीनने ते सोळा वर्षं घातलं होतं. लोकांचं त्याच्यावर प्रेम होतं, आणि दोन पास चुकले की त्याच प्रेमाने ते त्याच्या आईचा उद्धार करत.

त्या जुलैत फिजिओ नवी होती. गेनर प्रॉसर, वेल्सची, रग्बीच्या क्लबातून आलेली. तिने डीनला आत घेतलं आणि दार लावून घेतलं.

"तुम्ही सगळे काय करता ते मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "रग्बीवाले तर तुमचे बाप. एकाने मला स्वतःचं नाव चुकीचं सांगितलं होतं."

"आम्ही काय करतो?" डीनने साळसूद चेहऱ्याने विचारलं.

"सकाळपासून चौदा ठोंबे येऊन गेले, ओल्डी. तुमच्या गोलकीपरने महिने सांगताना ईस्टर घातला. तू कर्णधार आहेस. निदान तू तरी खरं सांग. तू खरी उत्तरं दिलीस तर बाकीच्यांना मी पुन्हा बोलावीन."

डीनला ती आवडली. शिवाय मनात थोडी घमेंडही होती. एवढी वर्षं खोटं खोटं मठ्ठ राहिल्यावर, एकदा आपली हुशारी कुणाला तरी दाखवावी असं माणसाला वाटतंच. "वाच," तो म्हणाला, आणि शाळेतल्यासारखा ताठ बसला.

तिने शब्द वाचले. त्याने परत म्हटले. काही आले. मग यादीतला गालिचा नजरेसमोर दिसत होता, पण त्याच्या शेजारचा शब्द काही येईना. आकडे तीनपर्यंत उलटले, चौथ्याला गुंता झाला. महिने त्याने जोरात सुरू केले आणि ऑगस्टपाशी तो थांबला. पुढे जुलै येतो हे त्याला कळत होतं. आपण जुलैतच बसलो आहोत हेही कळत होतं. तरी तोंडातून मे निघाला.

एवढं होऊनही आपल्याला बरं जमलं, असंच त्याला वाटलं. त्याने गेनरकडे पाहिलं.

ती चिडली होती. "मी तुला माणूस समजून विनंती केली," ती म्हणाली. "जुन्या फिजिओने गेल्या वर्षी जे गुण लिहून ठेवलेत, बरोबर तेवढेच आणलेस. तेवढेच, ओल्डी! सोंग आणायचंच, तर दरवर्षी थोडं वेगळं तरी आणावं."

डीनने तिच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. गेल्या वर्षी त्याने ते गुण मेहनतीने पाडले होते. या वर्षी मेहनत उलट्या बाजूने केली होती.

"पकडलंस," तो म्हणाला आणि हसला.

"जा. पुढचा ठोंब्या पाठव."

तो बाहेर आला. दारात बर्नी कॅव्हेल, तोच ईस्टरवाला गोलकीपर, स्वतःची तपासणी उरकून रेंगाळत होता. "कसा गेला पेपर?"

"नापास."

"शाब्बास," बर्नी म्हणाला आणि त्याने डीनच्या पाठीवर थाप मारली.

त्या दिवशी डीनला एक गोष्ट पक्की कळली. हे कुणालाही, कधीही कळणार नव्हतं. त्याच्याइतकं सुरक्षित डोकं अख्ख्या इंग्लंडात नव्हतं. कुठलीही तपासणी झाली तरी तो जुलैइतकाच असणार होता. अजून हा एक हंगाम, जमलं तर पुढचाही. त्याला दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही हवंही नव्हतं. एवढंच, की आपल्या डोक्यात काय चाललंय हे आता त्यालाही कळायचा मार्ग उरला नव्हता.

घरी जॅनीनला, त्याच्या बायकोला, त्याने काही सांगितलं नाही. ती गावात केशकर्तनाचं दुकान चालवायची आणि दिवसभर दुसऱ्यांच्या डोक्यांशी बोलून दमायची. एका संध्याकाळी ती सहज म्हणाली, "हे मला कालच सांगितलंस रे." तो म्हणाला, "चांगली गोष्ट दोनदा सांगावी." ती हसली. तोही हसला, आणि मग बराच वेळ नळाखाली एकच कप विसळत उभा राहिला.

ऑगस्टमधला पहिला सामना घरच्या मैदानावर होता. ड्रेसिंग रूमबाहेरच्या बोळात गॉर्डन थ्वेट उभा होता. अंगात क्लबचा कोट, केस पाणी लावून बसवलेले. क्लब त्याला दर सामन्याला पाहुणा म्हणून बोलवायचा. शेजारी त्याची बायको मॉरीन होती.

"इकडे ये, पोरा," गॉर्डनने डीनला कोपऱ्यात घेतलं आणि आवाज खाली केला. "डोक्याची तपासणी करणार आहेत म्हणे. एक सांगतो, कुणाला बोलू नकोस. जुलैत मठ्ठ व्हायचं."

"हो गॉर्डन. तुम्हीच शिकवलंत."

"मी?" गॉर्डन खूश झाला. त्याने भिंतीवरचे जुन्या संघांचे फोटो पाहिले, पुन्हा डीनकडे पाहिलं आणि पुन्हा आवाज खाली केला. "इकडे ये, पोरा. एक सांगतो, कुणाला बोलू नकोस."

"गॉर्डन, सांगितलंस हं त्याला आत्ताच," मॉरीन म्हणाली.

"कुणाला?"

"डीनला."

"डीन कोण?"

"हा काय, तुझ्यासमोर उभा आहे तो."

गॉर्डनने डीनला पायापासून डोक्यापर्यंत अदबीने न्याहाळलं. "मिडफिल्डर दिसतोस. हेडर घेतोस का?"

"घेतो."

"छान. घेत राहा."

मॉरीनने नवऱ्याची कॉलर नीट केली. "तसा बरा आहे," ती डीनला म्हणाली. "हरलेला सामना लक्षात राहत नाही, तेवढा तरी फायदा. जुन्या समर्थकांना हेवा वाटतो."

डीनने विचारायचं नाही असं ठरवलं आणि विचारलं. "हे सुरू कधी झालं, मॉरीन?"

"कोण जाणे, बाळा. दर जुलैत तुम्हा पोरांसमोर मठ्ठपणाचं सोंग करायचा ना, ते घरी मला करून दाखवायचा. महिने चुकीचे म्हणायचा, माझं नाव विसरायचा. आम्ही दोघं हसायचो." तिने गॉर्डनच्या कोटाचं बटण लावलं. "त्यातलं सोंग कधी संपलं, ते मला कळलंच नाही."

आतून मॅनेजर मिक डॉकरीची हाक आली. डीन आत गेला, दंडावर कर्णधाराची पट्टी चढवली, आणि नेहमीचं भाषण केलं, ज्यात शिव्या वगळल्या तर सांगण्यासारखं काही नसायचं.

हाफटाइमच्या जरा आधी समोरच्या गोलकीपरने चेंडू आभाळात मारला. डीन त्याच्याखाली गेला. त्याच चेंडूखाली प्रतिपक्षाचा एक धिप्पाड गडीही आला होता. डोक्यावर डोकं आपटल्याचा आवाज गोलमागच्या स्टँडपर्यंत ऐकू गेला. डीन पडला, उठला, हात वर करून ठीक असल्याचं दाखवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. "लोखंडी मुंडकं आहे रे त्याचं!" कुणीतरी ओरडलं.

हाफटाइमला गेनरने त्याला ड्रेसिंग रूमच्याच कोपऱ्यात बसवलं. दहा शब्द. आकडे. महिने. बाकीचे चहा पीत होते आणि तिकडे आपलं लक्ष नाही असं दाखवत होते.

"काय म्हणतंय डोकं?" मिकने विचारलं.

गेनरने डीनच्या डोळ्यांत पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. "जुलैत होतं तितकंच आहे," ती शेवटी म्हणाली.

"मग झालं तर! ऊठ, ओल्डी. या दुसऱ्या हाफमध्ये मला तुझी गरज आहे."

डीन उठला नाही.

"ओल्डी?"

"नाही, बॉस."

"काय नाही?"

"जुलैत मी सोंग केलं नव्हतं."

बर्नीने मान खाली घातली. "गप रे," तो पुटपुटला. "सगळ्यांना घेऊन बुडशील."

"बाकी सगळ्यांनी केलं," डीन म्हणाला. "दरवर्षी करतात. मीही करायचो. या वर्षी मी जीव तोडून खरी उत्तरं दिली, आणि तेवढेच गुण आले. बर्नी, तू पण एकदा खरी उत्तरं देऊन बघ. देवाशपथ, फार महत्त्वाचं आहे."

मिक डॉकरी तोंडात मारल्यासारखा उभा राहिला. त्याला ओरडायचं होतं, पण कुणावर ते ठरेना. बाहेर घंटा वाजली. त्याने हात पुढे केला. डीनने दंडावरची पट्टी काढून त्याच्या हातात दिली. ती बर्नीकडे गेली. बर्नीने ती हातात धरून ठेवली, दंडावर चढवली नाही, आणि तसाच बाहेर गेला. त्याच्यामागून एकेक जण बुटांचा खडखडाट करत निघाला. जाताना प्रत्येकाने डीनच्या खांद्याला हात लावला. कुणीही डोक्याला लावला नाही.

खोली रिकामी झाली. वर स्टँडमध्ये लोक पाय आपटत होते, त्याची धूळ छतातून खाली येत होती.

गेनर त्याच्यासमोर बाकावर बसली. "त्या दिवशी मी तुला हाकललं," ती म्हणाली. "मला कळायला हवं होतं."

"कसं कळणार? आम्ही एवढी वर्षं तालीम केली आहे."

"डॉक्टरला सांगावं लागेल, डीन. मग मोठ्या डॉक्टरला. परत खेळायला मिळेल असं मी तुला सांगत नाही."

"सांगू नकोस." तो वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागला. गाठ घट्ट होती. ती मदतीला वाकली, तर त्याने मानेनेच नको म्हटलं आणि सावकाश स्वतः सोडली.

वर अचानक आरडाओरडा झाला. कुणीतरी गोल केला होता. कुणी, ते आवाजावरून कळलं नाही. दोघांनी वर पाहिलं नाही.

"जॅनीन स्टँडमध्ये आहे," डीन म्हणाला. "तिला खाली बोलाव. तिला मीच सांगणार."

"बरं."

"पण तू इथेच बस. मधे काही सांगायचं राहिलं, तर तू सांग."