बेकरच्या चाळणीने धरलेला डूख

मी एक जुनी चाळणी आहे. पण मित्रांनो, आधीच सांगते, मी काही गरीब बिचारी नाही. आपली कर्मकहाणी सांगणाऱ्या छत्र्या, खुर्च्या आणि फाटक्या चपला तुम्ही पुष्कळ ऐकल्या असतील. त्या रडतात आणि तुम्ही हळहळता. माझ्यासाठी हळहळू नका. मी सूड घेतला आहे, आणि ही त्याचीच हकिकत आहे.

एका म्हाताऱ्या कारागिराने लाकडाची पट्टी वाफेवर वाकवून माझं कडं केलं. त्यात तारेची बारीक जाळी अशी ताणून बसवली की टिचकी मारली तर मी डफासारखी वाजायचे. पुढे एका बेकरच्या वस्तादाने मला त्याच्या हाती दिलं आणि बजावलं, "हिला पाणी लावायचं नाही. लाकूड फुगतं, जाळी गंजते. कडेवर तीनदा टकटक करायचं, झटकायची आणि खुंटीला लावायची." बेकरने हा शब्द कधी मोडला नाही.

सोळा वर्षं मी गव्हाचं पीठ चाळलं. माझ्यातून पडलेल्या पिठाचा केक कापसासारखा फुलायचा. गिऱ्हाइकं त्याच्या हाताचं कौतुक करायची, तेव्हा तो माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचा, "हात माझा नाही, हिचा आहे." तेव्हा मला आभाळ ठेंगणं व्हायचं. बेकरीत चाळायचं यंत्र आलं तेव्हा त्याने मला घरी आणलं. मग दर रविवारी तो माझ्यातून पीठ चाळून लेकीसाठी पॅनकेक करायचा. लेकीला सगळे मुंगी म्हणत, कारण साखरेचा डबा कुठेही लपवला तरी तिला तो सापडायचा.

मुंगी सात वर्षांची झाली आणि तिचं पोट सारखं दुखू लागलं. वजन वाढेना, चेहरा उतरला. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं की गव्हातलं ग्लूटेन हिला सोसत नाही, आता जन्मभर गव्हाचा कणही पोटात जाता कामा नये. बेकरच्या पोरीला गहू वर्ज्य! मुंगीची आई औषधांच्या दुकानात काम करते, अक्षर न् अक्षर वाचल्याशिवाय काही हातावेगळं करत नाही. तिने एका दिवसात स्वयंपाकघर रिकामं केलं. लाकडी चमचे गेले, टोस्टर गेला. मला तिने मेलेला उंदीर धरावा तसं दोन बोटांत धरलं.

"ही तर विषाची पुडी आहे," ती म्हणाली. "आजच्या आज घराबाहेर!"

सोळा वर्षं राबले, आणि मी विष! बेकर मान हलवून "हो" म्हणाला, पण त्याचं मन झालं नाही. त्याने मला कागदात गुंडाळून माळ्यावर बॅगेच्या मागे सरकवलं. माझ्या खुंटीला एक प्लास्टिकची चाळणी लागली, कानामागून आली आणि तिखट झाली. दोन वर्षं मी अंधारात दातओठ खात पडून होते. त्या बाईवर मी डूख धरला होता.

मग एका रविवारी मुंगीच्या तीन मैत्रिणी सकाळी उशिरा खायला यायच्या होत्या. मुंगी त्याला ब्रंच म्हणायची. आदल्या दिवशी तिने बाबाला बजावलं, "माझं वेगळं ताट नको हं. सगळ्यांनी एकाच ताटातलं खायचं. आणि पॅनकेक मागच्या वेळेसारखे नकोत."

"का? मागच्या वेळी काय झालं होतं?"

"रबर झालं होतं, बाबा. मी खिशात लपवले."

हे बेकरला फार लागलं. दुसऱ्या दिवशी बायको दुकानात गेल्यावर त्याने तांदळाचं पीठ, बटाट्याचं स्टार्च आणि बेकिंग पावडर मोजून घेतली. पण प्लास्टिकच्या चाळणीतून स्टार्चच्या गुठळ्या तशाच खाली पडू लागल्या. दोनदा चाळूनही जमेना. त्याने माळ्याकडे पाहिलं. मग खुर्ची ओढली.

त्याने मला कागदातून काढलं, कडेवर तीनदा टकटक केलं, फुंकर मारली आणि उजेडात धरलं. "साफ आहे," तो स्वतःशीच म्हणाला. पाणी त्याने लावलं नाही, वस्तादाचा शब्द होता ना!

पण जाळी आणि लाकडाच्या सांध्यात सोळा वर्षांचा गहू बसला होता. चाळणीला दोनच गोष्टी येतात, धरणं आणि सोडणं. तो गहू मी धरून ठेवू शकले असते. मी तो सोडला.

पीठ धुक्यासारखं खाली उतरलं. त्याने अंडी आणि दूध घातलं, मिश्रण पाव तास मुरू दिलं. तव्यावर लोणी टाकून पळीभर ओतलं की बुडबुडे यायचे, आणि उलटल्यावर पॅनकेक टम्म फुगायचा. मुलींनी ताट चाटूनपुसून साफ केलं. मुंगीने चार खाल्ले. दुपारी आई आली, तिनेही उरलेल्या मिश्रणाचा एक खाल्ला आणि म्हणाली, "आज काय हात लागलाय हो तुमचा!" मला विष म्हणणारी बाई माझंच खाऊन बोटं चाटत होती. बेकरने लपवलेली मी ओट्याखाली आनंदाने नुसती थरथरत होते.

तासा-दोन तासांत मुंगी पोट धरून न्हाणीघरात बसली. तिच्या ओकाऱ्या थांबेनात. आईने कचऱ्यातून पिठाची पाकिटं काढली आणि त्यांच्यावर बोट ठेवून पुन्हा पुन्हा वाचू लागली. "मीच आणलं हे. माझ्याच नजरेतून काहीतरी सुटलं," असं म्हणत ती रडू लागली. मित्रांनो, याच क्षणासाठी मी दोन वर्षं जळत होते. उट्टं निघालं होतं.

तेवढ्यात दाराआडून मुंगीचा बारीक आवाज आला, "आई, मी बाहेरचं काही खाल्लं नाही गं. खरंच नाही. रागावू नकोस."

बेकरने मला ओट्याखालून बाहेर काढलं. "चूक तिची नाही, तुझी पण नाही," तो म्हणाला. "माळ्यावर चाळणी होती. मी ठेवली होती. झटकली होती गं मी."

आईने मला उचलून नळाखाली धरलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या अंगावर पाणी पडलं. तिने सुईने सांधा कोरला. करडा, चिकट लगदा निघाला. तो तिने नवऱ्याच्या तळहातावर ठेवला आणि लेकीकडे गेली.

आता मी मागच्या अंगणात कुंड्यांची माती चाळते. स्वयंपाकघराची खिडकी माझ्या समोरच आहे. महिन्याभराने बेकरने पुन्हा पॅनकेक केले. सगळी भांडी नवी होती आणि पॅनकेक सुरेख फुगले होते. त्याने ताट पुढे केलं. मुंगीने काटा उचलला, थांबली आणि बाबाऐवजी आईकडे पाहून विचारलं, "आई, हे खाऊ ना?"

बेकर तिथेच उभा होता. त्याने तव्याखालची आच बंद केली.

जुन्या वस्तू जपा, असं तुम्हाला सगळे सांगतात. जपा. पण माणसाच्या जिवापेक्षा जास्त जपू नका, आणि माझ्यासारखी एखादी माळ्यावर लपवली असेल तर आजच खाली काढा. मला क्षमा करा, असं मी म्हणणार नाही. फक्त त्या पोरीने बाबाच्या हातचं पुन्हा एकदा न विचारता खावं. तेवढं दिसेपर्यंत मला गंजू देऊ नका.