हुनामचा शिक्का

मित्रांनो, करंगळीएवढा एक जुना शिक्का आहे मी, बोरीच्या लाकडाचा. माझ्या तळाला तीन अक्षरं उलटी कोरली आहेत, कागदावर सरळ उमटावीत म्हणून. मेंग हुनाम. आमच्या देशात एक उच्चार म्हणजे एक अक्षर, मेंग, हु, नाम; आणि आडनाव आधी येतं. मेंग हे आडनाव, हुनाम हे नाव. हे नाव ज्या बाईचं, तिला आयुष्यभर त्या नावानं कुणी हाक मारली नाही. मला ते अजून पचलेलं नाही.

बाजारातल्या एका टपरीत मी जन्मलो. रेशमाच्या गिरणीत नुकतीच लागलेली एक पोरगी आली. पगार घ्यायचा तर सहीऐवजी स्वतःचा शिक्का लागतो.

"नाव?" कोरणाऱ्या म्हाताऱ्यानं विचारलं.

"मेंग हुनाम."

तो चष्म्यावरून बघत राहिला. "कितवी गं तू?"

"चौथी."

"मग पाठीवर भाऊ झाला का?"

"झाला की."

"म्हणजे लागू पडलं म्हणायचं नाव!" तो खो खो हसला आणि हसता हसताच माझ्या अंगात पटाशी घातली.

हुनाम म्हणजे 'यापुढं मुलगा'. मी हादरलो. जन्मलेल्या पोरीच्या कपाळावर, न जन्मलेल्या पोरासाठी निरोप! चौथ्या लेकीला द्यायला बापाजवळ एक नाव नव्हतं?

गिरणीतले माझे दिवस मात्र झकास गेले. पगाराला ती मला लाल शाईत टेकवायची, दातांखाली ओठ धरून दाबायची आणि उमटलेल्या नावावर हळूच फुंकर घालायची. ते नाव तिनं कमावून घेतलं होतं.

मग लग्न झालं, सेत्गोल गावच्या वोन जेसोकशी. आमच्याकडे लग्नानंतर बाईचं आडनाव बदलत नाही. ऐकून बरं वाटलं ना? थांबा जरा. आडनाव राहिलं आणि नाव गेलं. गाव तिला माहेरावरून 'बामगोलवाली' म्हणू लागलं. मुलगा झाल्यावर ती 'ग्योंगहोची आई' झाली. नवरा नुसत्या 'अगं'वर भागवायचा. आणि घरातल्या पुरुषांचा थाट बघा! जेसोक, जेग्यू या भावांच्या नावांत 'जे' हे एकच अक्षर, त्यांच्या मुलांच्या नावांत दुसरं. पोरगा पोटात यायच्या आधीच त्याचं अक्षर पिढीनं राखून ठेवलेलं. पोरींसाठी काही राखलेलं नसतं. मी शिवणाच्या डब्यात, तुटक्या बटणांत पडून राहिलो.

गेल्या शरदात जेसोक वारला. नवरा-बायकोच्या थडग्याला आमच्याकडे एकच दगड लावतात. ती जिवंत असली तरी तिची ओळ आत्ताच कोरायची होती. पाथरवट ओसरीवर बसून मजकूर वाचू लागला. "वोन जेसोक. आणि शेजारी, पत्नी, सिंचांगच्या मेंग घराण्यातील." सिंचांग म्हणजे मेंगांच्या पूर्वजांचं गाव.

ती आतून म्हणाली, "पुढं?"

"पुढं काय? झालं की, आजी."

"नाव कुठाय माझं?"

पाथरवटानं कागद उलटून पाहिला. मी डब्यात गारठलो. दगडावरसुद्धा नाही? मेल्यावरसुद्धा नाही?

धाकटा दीर जेग्यू खाकरला. "वहिनी, बाईचं नुसतं घराणं लिहितात. टेकडीवर आपल्या किती पिढ्या निजल्यात, एकीचं तरी नाव आहे का?"

"म्हणजे सगळ्या तशाच निजल्यात! आणि तुम्हाला त्याचा अभिमान?"

"आणि कोणतं नाव लिहायचं म्हणता? ते? लोक हसतील, वहिनी!"

"हसू देत. ठेवलं बापानं, त्याची लाज बापाला. वापरलंय मी. गिरणीत त्या नावावर तुमच्या भावापेक्षा जास्त पगार घेतलाय."

तिनं डबा उपडा केला, बटणांतून मला उचललं, ओठांवर धरून हाः केलं, शाईत टेकवलं आणि पाथरवटाच्या कागदावर सगळ्या वजनानिशी दाबलं.

"हे कोरायचं. नाहीतर मला त्या दगडाखाली पुरू नका."

पाथरवटानं कागद डोळ्यांजवळ नेला. "शिक्का झिजलाय हो. अक्षरं कोणती, ते तोंडानं सांगा कुणीतरी."

सगळ्यांनी ग्योंगहोकडे पाहिलं. आमच्याकडे आईबापाचं नाव सलग घेत नाहीत, मानानं एकेक अक्षर सुटं सांगतात. बापाचं त्यानं सकाळीच तसं सांगितलं होतं, न अडखळता. आईचं सांगायची वेळ साठीला टेकलेल्या या माणसावर कधी आलीच नव्हती. तो गुडघे मोडून नीट बसला.

"आडनाव मेंग. मग... हु." तो आईकडे वळला. "आणि नाम."

तिनं मान खाली घालून ऐकलं. मग कागदावर वाकून, गिरणीतल्यासारखी, फुंकर घातली.

मित्रांनो, मला तेल लावा, जपून ठेवा, असं मी म्हणणार नाही. आता वाळवी लागली तरी चालेल. पण आज घरी गेलात की आजीला तिचं नाव विचारा. तिला आठवायला क्षणभर लागला, तर मान तुम्ही खाली घाला.