पाईपच्या मापाची कवळी

माझ्या सासऱ्यांच्या पाईपइतकी कुरूप वस्तू आमच्या घरात दुसरी नाही, आणि हे मी त्यांना तोंडावर सांगितलेलं आहे. तंबाखू भरायची वाटी एका अंगाने जळून काळी पडलेली, तिच्या पोटावर लाल ऑइलपेंटचा वाळलेला थेंब, आणि तोंडात धरायच्या दांडीला खालीवर दोन खाचा, कुत्र्याने हाड चघळावं तशा.

"खाचा नाहीत त्या, सूनबाई," बाबा म्हणतात. "बैठक आहे."

बाबा जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवत आले. शिडीवर चढलं की एका हातात ब्रश, दुसऱ्यात रंगाचा डबा. पाईप सांभाळायला उरायचे ते दात. वर्षानुवर्षं डाव्या बाजूच्या त्याच दातांनी तो धरला आणि दांडी दातांच्या मापाची झाली.

ठकी पोटात असताना मी तंबाखू आणि काडेपेटी दोन्ही घरातून हद्दपार केली. बाबांनी कुरकुर केली नाही. "धूर गेला तरी चालेल, पाईप राहील," एवढ्यावर तह झाला. मी तो स्पिरिटने आतून-बाहेरून इतका पुसला की नवरा म्हणाला, "आता याने ऑपरेशन करणार आहेस का?" तरी रोज सकाळी मी तो हुंगून बघते. खेळण्यांची चाकं ओढून बघणारी बाई मी; पाईपला कशी सोडणार?

पण रिकाम्या पाईपमधून बाबा श्वास ओढतात तेव्हा बारीक शीळ येते, लांब कुठेतरी किटलीला आधण आल्यासारखी. ठकी त्या शिळेवर झोपते. दोन्ही हातांवर नात, दातात पाईप, आणि खिडकीपासून दारापर्यंत येरझारा. माझ्या अंगाईला मात्र ती टक्क डोळे उघडून बघते, तोंडी परीक्षा घेणाऱ्या बाईंसारखी.

मग बाबांचे उरलेसुरले दात काढावे लागले. हिरड्यांत पाईप ठरेना, हाताने धरावा लागे. आणि एका हातावर बाळ घ्यायला माझी बंदी. ठकीची झोप गेली, पाठोपाठ माझीही. बाबा खुर्चीत पाईप मांडीवर घेऊन बसायचे आणि कुणी काही विचारलं तर "हं" म्हणायचे.

नवऱ्याला वाटलं, हलका पाईप असेल तर हिरड्या पेलतील. त्याने नवा आणला. डौलदार बाक, चेरीसारखा रंग, आरशासारखी झिलई.

"सुंदर आहे," बाबा तो फिरवून फिरवून बघत म्हणाले. "कुणाचा?"

"तुमचाच, बाबा."

"असं होय." त्यांनी तो शोकेसमध्ये, मला कॉलेजात वक्तृत्वासाठी मिळालेल्या कपाशेजारी नेऊन ठेवला. "शोभतो जोडा. दोघांनाही काम नाही."

हिरड्या भरून आल्यावर कवळीसाठी मी त्यांना दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. ठकी कडेवर. वाटेत मी विचारलं, "पण बाबा, नव्यात वाईट काय आहे?"

"वाईट काहीच नाही. तो कुणाच्याही तोंडात बसेल." थोडं चालून म्हणाले, "तुझा नवरा दुकानात मांडून ठेवला असता, तर घेतला असतास?"

"नसता घेतला," मी खरं ते सांगितलं.

"आणि आता कुणी बदलून देतो म्हटलं तर?"

"विचार करावा लागेल."

"कर, कर. पण घरी जाऊन. आत्ता रस्ता ओलांडायचाय."

डॉक्टरीणबाईंनी मेणात बसवलेले दात बाबांच्या तोंडात घातले. "आता हलकेच चावा बघू, आजोबा." बाबांनी खिशातून पाईप काढला, डाव्या कोपऱ्यात सरकवला आणि चावला. मेण दबून दात सरकले आणि मध्ये दांडीएवढी फट पडली.

"हे काय केलंत?"

"माप दिलं."

"अहो, कवळी हिरड्यांच्या मापाची करतात. पाईपच्या नाही."

"हिरड्या तडजोड करतील. हा नाही करायचा."

"हसलात की फट दिसेल."

"मी कुठे हसतो? हिला विचारा."

बाईंनी माझ्याकडे वळून बघितलं. शिकलेली सून, कडेवर तान्हं; ही तरी म्हाताऱ्याला समजावेल असा त्यांचा चेहरा. मी विचारायला सुरुवात केली. फटीची कडा जिभेला कापेल का? घास अडकेल का? रात्री काढून ठेवली तर फटीत घाण बसेल का? बाईंनी आधी नीट, मग थोड्या वैतागून, सगळ्याची उत्तरं दिली.

"मग ठेवा फट," मी म्हणाले.

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काडी ओढून पुढे धरली होती.

कवळी आली. पाईप टक् करून जागेवर बसला. बाबांनी हात सोडून बघितले, मान हलवून बघितली. "बैस गं बाई, चहा पी," असं मला म्हणून त्यांनी ठकीला दोन्ही हातांवर घेतलं. शीळ सुरू झाली. मी दारात कप घेऊन उभी. बसवत नव्हतंच. चहा गरम होता, हीच नवलाई.

ठकीने थोडा वेळ ऐकलं. मग हात वर करून पाईप पकडला आणि ओढला.

पाईप आला. त्याच्याबरोबर वरची कवळीही आली, दांडी घट्ट धरून. ठकी मुठीतल्या त्या दातांकडे बघत राहिली. बाबांचं तोंड बसलेलं, पण डोळे असे, जणू त्यांनाच बक्षीस मिळालंय.

"बघितलंश?" ते बोबडं बोलले. "याला म्हणतात माप."

मी पाईपमधून कवळी सोडवू लागले, ती सुटेना. शीळ थांबलेली कळून ठकीने भोकाड पसरलं. "शूनबाई, लवकर," बाबा म्हणाले. मी दोन्ही तसंच नळाखाली धरलं, पदराच्या टोकाने पुसलं आणि त्यांच्या तोंडाशी नेलं. टक्.

पहिली येरझार संपेपर्यंत ठकीचे डोळे मिटायला लागले, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की पाईप हुंगायचा राहिलाच.