दोघांचीच बोली

दादाला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, आणि त्याच्याजोगी शाळा सापडेपर्यंत तो बारा वर्षांचा घोडा झाला होता. दोन वर्षांत तिथे तो जेमतेम आपलं नाव लिहायला शिकला आणि एक दिवस पिशवी उचलून घरी आला तो आलाच. आईवडिलांनी हात टेकले. पण त्याच्याहून चार वर्षांनी लहान असलेल्या बहिणीला, जिला घरीदारी सगळे धाकटीच म्हणत, दादाचं काही अडतंय असं कधी वाटलंच नाही. ती बोलायला लागली ती तोंडाच्या आधी हातांनी. दोघांनी खेळता खेळता खुणा बनवल्या होत्या. बाबा म्हणजे कानाची पाळी ओढायची. आत्या म्हणजे चिमटीने हवेत लिंबू पिळायचं, कारण आत्याचा चेहरा सदा तसाच. काल, उद्या, रुसवा, खोटं, सगळ्याला खूण होती. ती बोली जगात दोघांनाच येत होती. आईलासुद्धा अर्धीमुर्धीच कळायची.

पुढे दादा सुतार झाला, फर्निचरच्या एका कारखान्यात लागला. लग्न केलं नाही. धाकटीच्या घराच्या मागच्या गल्लीत एका खोलीत राहायचा आणि संध्याकाळी तिच्याकडे जेवायचा. डॉक्टर असो, कारखान्याचा मालक असो, दादाचे कान आणि तोंड म्हणजे धाकटी.

धाकटी ग्रंथालयात नोकरीला होती. एक्केचाळिसाव्या वर्षी तिथल्या देवघेवीच्या टेबलावर तिच्या हातातून तारखेचा शिक्का पडला. उचलला, पुन्हा पडला. तपासण्या झाल्या आणि मल्टिपल स्क्लेरोसिस निघाला. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की शरीराचीच फौज फितूर होते आणि नसांवरचं वेष्टण सोलत सुटते. मग मेंदूचा निरोप हातापर्यंत धड पोचत नाही. दोन वर्षांत उजवा हात मांडीवर ठेवला की तिथेच राहू लागला. डाव्याची बोटं बधिर झाली, थरथरू लागली.

म्हणून ती यंत्राकडे आली. रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावर एका खोलीत तो यांत्रिक हात होता. आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा. फिजिओबाई तिचा उजवा हात त्याच्या खोबणीत ठेवायच्या, पट्टे आवळायच्या, एकेक बोट एकेका टोपणात बसवायच्या. समोरच्या पडद्यावर पेला दिसायचा. तिने मनात म्हणायचं, उचल. ती जिवाचं पाणी करून म्हणायची आणि हात उठायचा. शेवटी आकडा यायचा: इतकं तुमचं, इतकं यंत्राचं. पहिल्या दिवशी तिचं अकरा टक्के होतं. पाचव्या आठवड्यात चौतीस झालं. नवऱ्याने आकड्यांचा कागद स्वयंपाकघरात भिंतीला लावला. तिला मात्र हात उठताना आपलं कुठे संपतं आणि यंत्राचं कुठे सुरू होतं ते कधीच कळायचं नाही.

दादाशी बोलणं चालूच होतं. डाव्या हाताने, मानेने, भुवयांनी, जसं जमेल तसं. पूर्वी ती नीट बोलली नाही तर तो तिच्या हातावर चापट मारून पुन्हा सांगायला लावायचा. आता नुसती होकाराची मान हलवायचा, हसायचा. तिला वाटलं, दादाच तो, त्याला निम्म्यावरून कळतं.

सहाव्या आठवड्यात कारखान्याच्या मालकाचा फोन आला. कारखाना शहराबाहेर नव्या जागेत हलणार होता. सोमवारपासून दादाने जुन्या जागी न येता चौकात थांबायचं, तिथून गाडी न्यायला येईल. धाकटीने त्या संध्याकाळी अर्धा तास खर्ची घातला. जुनी जागा बंद. सोमवार. चौक. गाडी. 'बंद'च्या खुणेला दोन्ही तळहात एकमेकांवर आपटावे लागायचे. तिचे एकमेकांना चाटून गेले. दादाने मान हलवली. तिने पुन्हा सांगितलं. त्याने पुन्हा मान हलवली आणि तिच्या गालाला हात लावला.

सोमवारी अकराला मालकाचा पुन्हा फोन आला, की तुमचा भाऊ आलाच नाही. नवरा स्कूटर घेऊन गेला, तर दादा जुन्या कारखान्याच्या बंद शटरसमोर हत्यारांची पेटी मांडीवर घेऊन बसला होता. साडेसातपासून.

त्याला घरी आणल्यावर धाकटीने त्याला समोर बसवलं. डाव्या हाताने तिने काहीतरी केलं, ज्याला काही अर्थ नव्हता, नुसती बोटं हलवली. दादाने मान हलवली आणि हसला.

हे कधीपासून चाललं होतं? चार महिने? वर्ष? तिला वाईट वाटू नये म्हणून हा मोठा माणूस रोज तिच्यासमोर बसून काहीच न कळता हसत होता.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने दादाला चौकात नेऊन गाडीत बसवून दिलं. तिने फिजिओबाईंना सगळं सांगितलं आणि विचारलं, "या यंत्राला पेल्याऐवजी आमच्या खुणा शिकवता येतील का?"

बाई चांगल्या होत्या. त्यांनी लगेच नाही म्हटलं नाही. यंत्राच्या कंपनीतल्या माणसाला फोन करून विचारलं, मग खुर्ची ओढून तिच्याजवळ बसल्या. "याला मूठ उघडणं, मिटणं आणि हात पुढे नेणं एवढंच येतं," त्या म्हणाल्या. "सुटी बोटं नाही येत. आणि खरं सांगू? त्या नसा आता तेवढं बारीक काम करतील असं मला वाटत नाही."

"मग तो बोलणार कुणाशी?"

बाईंनी तिच्या हाताचा पट्टा नीट केला, जो आधीच नीट होता. खुणांची भाषा शिकवणारे वर्ग असतात म्हणाल्या. धाकटीला ते माहीत होतं. सत्तेचाळीस वर्षांच्या दादाला तिथे नव्याने मुळाक्षरं गिरवावी लागली असती, आणि तिथे आत्याचं लिंबू कुणाला कळणार होतं?

शेवटच्या दिवशी दादा सोबत आला. हट्टच धरला. सुतारच तो, आधी यंत्राभोवती फिरून त्याचे सांधे, बिजागऱ्या, पट्टे बारकाईने पाहिले. मग धाकटीचा हात सरसर उठला, मूठ उघडली, पडद्यावरचा पेला उचलला गेला. आकडा आला: एकोणचाळीस. बाईंनी अहवालात 'चांगली सुधारणा' असं लिहिलं, आणि ते खोटं नव्हतं. घरी आता ती रिकामा कप दोन्ही हातांत धरू शकत होती.

दादाचा चेहरा फुलला होता. तो तिच्यासमोर उकिडवा बसला आणि त्याच्या जाड, चिरा पडलेल्या बोटांनी अगदी स्वच्छ विचारलं: आता बोलशील ना माझ्याशी?

तिला त्याचं अक्षर न् अक्षर कळत होतं. तेच तर दुखणं होतं. तिने यंत्रातून सुटलेला हात वर उचलायचा प्रयत्न केला. तो मांडीवरून चार बोटं उठला आणि पडला. मग तिने मान हलवली. नाही.

दादा उठून उभा राहिला. बाहेर बाकावर पुढचा रुग्ण बसला होता, त्याची वेळ झाली होती. नवरा रिक्षा आणायला गेला. दारापाशी उभं राहून दादा तिला नव्या कारखान्याबद्दल सांगत राहिला: करवत केवढी मोठी आहे, खिडकी कुठल्या बाजूला आहे, मालकाच्या मेहुण्याला खिळासुद्धा धड ठोकता येत नाही. शेवटच्या गोष्टीवर तिला हसू आलं. त्यावर एक झणझणीत उत्तर तिच्या मनात तयार होतं, पूर्वी दिलं असतं तर तो गडाबडा लोळला असता.

तो क्षणभर थांबला, तिच्या हातांकडे पाहिलं, आणि मग पुन्हा आपणच सांगू लागला.