मांसाची झालर

अ‍ॅनिस एकोणीस दिवसांची झाली, तेव्हा ती राक्षसीण असल्याचं मला छापील कागदावरून कळलं. तोवर मी तिला आपली पोरगीच समजत होते.

कागद आले आमच्याच घरी. माझा नवरा जर्व्हिस सेंट पॉलच्या मोठ्या चर्चच्या आवारातल्या पुस्तकवाल्यांची चोपडी शिवतो. ताव येतात, मी घड्या घालते, तो सुईदोरा ओढतो. बाळंतपणाचा महिना सुरू होता, म्हणून उंबरा ओलांडायचा नव्हता. घड्या घालायला मात्र कुणाची मनाई नव्हती. मांडीवर अ‍ॅनिस, समोर तावांची चळत.

वरच्याच तावावर होतं: 'लंडनकरांनो, डोळे उघडा! लँबर्ट गल्लीतल्या एका चोपडी शिवणाऱ्याच्या नखरेल बायकोला गळ्याभोवती मांसाची झालर असलेली भयंकर मुलगी झाली, त्याची खरीखुरी हकिकत.' पोटुशी असताना आई खळ दिलेल्या मोठमोठ्या झालरी गळ्यात घालून मिरवायची, म्हणून देवानं हा इशारा दिला म्हणे. देवाला लंडनमध्ये दुसरं काम नाही! माझ्याकडे कॉलरी दोन. दोन्ही सपाट, त्यातली एक सासूची.

अ‍ॅनिसच्या डाव्या कानाखालून गळ्यापर्यंत एक लाल डाग आहे, रासबेरी चुरडल्यासारखा. अंघोळ घातली की पहिला मुका मी तिथेच घेते.

खाली चित्र होतं. ते मी ओळखलं. दोन वर्षांपूर्वी हाच लाकडी ठसा फ्लँडर्सच्या किनाऱ्याला लागलेला अजस्र मासा म्हणून विकला गेला होता. तेव्हाही घड्या मीच घातल्या होत्या. माशाचे कल्ले आता झालर झाले होते. शेपटी तेवढी करवतीनं उडवली होती.

हे काम पर्किसचं. सेंट पॉलच्या आवारात हिरव्या सशाची पाटी लावलेलं पुस्तकांचं दुकान त्याचं. आठवड्यापूर्वी स्वतः ताव टाकायला आला, पाळण्यात वाकला, "गोड आहे हो," म्हणाला आणि गेला. त्याच्या तोंडून चांगला शब्द निघाला, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

"जाऊ दे गं सिसली," जर्व्हिस म्हणाला. "महिनाभरात विसरतील लोक."

"महिनाभर मी घरात कोंडलेली आहे, म्हणूनच तर त्यानं छापलंय. पोर कुणाला दिसणार नाही, तोवर याची चळत खपेल."

आणि विसरणार कोण? दूधवालीनं त्याच सकाळी मडकं आत आणलं नव्हतं, पायरीवर ठेवून पळाली होती. आज दूधवाली, उद्या शेजारीण. माझ्या लेकीला उचलून घ्यायला मग कुणाचे हात पुढे आले असते?

मी शाल घेतली, अ‍ॅनिसला उचललं. आमची सुईण थर्लोमाय शेगडीपाशी कांजी ढवळत होती. ती दारात आडवी आली.

"चर्चमध्ये शुद्धी झाल्याशिवाय बाहेर? जिथं पाय ठेवशील तिथं गवत उगवायचं नाही!"

"लंडनमध्ये गवत आहे कुठं, माय?"

"जीभ बघा हिची!" ती म्हणाली; पण बाजूला झाली, आणि टोपी डोक्यात घालून माझ्या मागोमाग आली.

हिरव्या सशासमोर गर्दी होती. पर्किसनं पहिली शंभर चोपडी स्वतःच्या घरीच शिवून घेतली होती, आणि त्याचा नोकर खांबाला टेकून झालरीची हकिकत रडव्या सुरात वाचत होता. मी थेट चोपडी मांडलेल्या फळीपाशी गेले आणि अ‍ॅनिसचं दुपटं गळ्यापाशी सोडलं.

"घ्या. बघून घ्या."

आधी कुणाला कळेचना. मग एका कोळिणीनं चोपडं बाळाशेजारी धरलं. एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे.

"हे होय? माझ्या दिराच्या टकलावर याहून मोठा डाग आहे. त्याच्यावर कुणी चोपडं काढलं नाही ते!"

"झालर कुठाय?" मागून एकजण ओरडला. "झालरीसाठी पेनी दिलीय मी!"

खरं सांगते, त्यांचं तोंड पडलं. धडधाकट पोर बघून एवढं दुःख झालेली माणसं मी दुसरीकडे पाहिली नाहीत.

पर्किस घाईघाईनं बाहेर आला. "मंडळी, ही ती नव्हेच! ती वेगळी."

"लँबर्ट गल्लीत चोपडी शिवणारी किती घरं आहेत, मालक?" मी विचारलं. "आणि सुईण ही उभी आहे. तिलाच विचारा."

"पाचशे पोरं काढलीत मी," थर्लोमाय म्हणाली. "राक्षस एकच पाहिला. तो दुकान चालवतो."

हसू उसळलं. पर्किसचा आवाज चढला. "बाई अजून शुद्ध झालेली नाही! देवाच्या आवारात उभी राहते, लाज नाही!"

ते ऐकून मात्र निम्मे लोक खरंच मागे सरले. छापील राक्षसाला नाक लावून बघणारे माझ्या परकराच्या वाऱ्यापासून पळाले. कोळीण तेवढी हलली नाही. "आण इकडे," म्हणाली, आणि मासळीच्या वासाच्या हातांनी अ‍ॅनिसला उचलून घेतलं. मग तिच्या शेजारणीनं घेतलं. मग तिसरीनं. पोर टुकूटुकू बघत होती.

धर्मगुरूंनी मला बोलावून झाडलं. शुद्धी दोन आठवडे पुढे ढकलली. मी मान खाली घालून ऐकलं. दूधवाली मात्र आत येऊ लागली.

चौथ्या दिवशी पर्किसचे ताव पुन्हा शिवायला आले. मजकूर तोच, ठसा तोच, पहिलं पान तेवढं नवं: आता ती नॉर्विचच्या एका विणकराची मुलगी होती. नॉर्विच इथून तीन दिवसांवर आहे. तिथून पोर दाखवायला उचलून आणणार कोण?

मी घडी घातली नाही. जर्व्हिसनं माझ्याकडे बघितलं, मग तावांकडे, मग चुलीवरच्या रिकाम्या पातेल्याकडे. शेवटी गठ्ठा खांद्यावर टाकला आणि म्हणाला, "परत देऊन येतो. दुसरं काम बघू."

"डोकं सांभाळ, चौकट बुटकी आहे," मी म्हणाले, आणि अ‍ॅनिसला पाजायला घेतलं.