नवरदेवाच्या हातातला चाकू

तात्याबाचा चाकू परत आला आणि त्या दिवसापासून त्याचं डोकं फिरलं. वस्तू हरवली तर माणूस चार शिव्या देऊन मोकळा होतो. परत आलेल्या वस्तूचं काय करायचं?

चाकू घडीचा. मेंढरं होती तेव्हा तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात एका लोहाराकडून घेतलेला. ट्रकच्या पाट्याचं पोलाद, म्हशीच्या शिंगाची मूठ. उघडला की पातं खट्ट बसायचं आणि मग हलायचं नाव नाही. मिटला की धार पुरती मुठीत. त्याने मेंढरांचे खूर तासले, दोर कापले. पुढे मेंढरं विकून राहू गावात ऊस लावला, तरी सुतळी, सुपारी, मिळेल ते कापत तो बंडीच्या खिशात राहिलाच. वापरून वापरून पातं काळपट निळं झालं होतं. गिताबाई म्हणायची, "त्या चाकूशीच लगीन लावायचं व्हतं, माझी तरी सुटका झाली असती."

मग नवनाथचं लग्न निघालं. नवनाथ म्हणजे थोरल्या भावाचा मुलगा, भाऊ गेल्यावर तात्याबानेच वाढवलेला, आता शिरूरकडे कंपनीत लागलेला. हळद लागली की लग्न लागेपर्यंत नवरदेवाच्या हातात चाकू ठेवायचा, टोकाला लिंबू खोचून, म्हणजे बाहेरची बाधा होत नाही. कुणाच्याही घरची जुनी सुरी त्याला चालते. पण नवनाथ म्हणाला, "तात्या, मला तुमचाच पायजे." भरल्या घरात नाही कसं म्हणणार? दिला. लोक अक्षता टाकत होते आणि तात्याबाचा सगळा जीव त्या लिंबात अडकला होता.

नवराबायको शिरूरला गेली, चाकूही त्यांच्याबरोबर गेला. बऱ्याच दिवसांनी एका जीपवाल्याच्या हाती नवनाथने तो पाठवला. कागदातून निघाला तो लखलखीत, नव्या ताटासारखा.

तात्याबाने उघडला. खट्ट. आवाज तोच. मिटला. मूठ मात्र गुळगुळीत, कुणा परक्याचा हात हातात घ्यावा तशी. सुपारी कापली, तर वाटलं आपलाच. उजेडात धरला, तर वाटलं छे! सकाळी आपला वाटायचा, दुपारी दुसऱ्याचा. गिताबाईला दाखवला. "धार हाय ना? मग झालं," म्हणाली. शेजारचा हौसराव मात्र चाकू हातात घेऊन हसला. "नवा घेऊन दिलाय तुला. जुना पोरानं ठेवून घेतला. आसलं पोलाद आता कुठं मिळतंय?"

हौसरावाला आगीत तेल ओतायची जन्माची खोड, हे तात्याबाला ठाऊक होतं. तरी ते तेल आत गेलंच. आपल्या हाताने भरवलेलं पोरगं असं करील? आणि केलं असेल तर विचारायचं कसं? शेवटी न राहवून त्याने शिरूर गाठलं.

नवनाथची बायको सुषमा पाणी देऊन चहाला आत गेली. तात्याबाने इकडचं तिकडचं बरंच बोलून घेतलं. मग चाकू काढून मांडीवर ठेवला.

"नवनाथ, खरं सांग. आपला कुठंय?"

"ह्योच की!"

"ह्यो?"

"तात्या, लिंबू दीड दिवस खोचल्यालं. रसानं पातं काळं ठिक्कर पडलं, भोकं पडाय लागली. मी तर घाबरलोच. तुमचा जीव हाय त्याच्यात. मग कंपनीत बफिंगच्या, पालिशच्या चाकावर धरला. मूठबी घासली. सुपरवायझर वरडला, तरी आख्खी जेवायची सुट्टी घातली मी."

पोराचा चेहरा आनंदाने फुलला होता. तात्याबाला मोकळं हसावंसं वाटलं, लाजही वाटली, आणि इतक्या वर्षांचा रंग घासून टाकला म्हणून एक मुस्कटात द्यावीशीही वाटली. यातलं आधी काय करावं ते त्याला कळेना, म्हणून तो नुसताच चाकू उघडत आणि मिटत बसला.

तेवढ्यात नवनाथचा चेहरा उतरला. त्याच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला होता.

"म्हंजी... तुमाला वाटलं मी बदलला?"

"न्हाई रं. हौसराव म्हनला..."

"हौसरावाचं सोडा. तुमाला वाटलं." नवनाथ रागावला नव्हता, हेच वाईट होतं. "तात्या, मला चोरायचं काय नडलं व्हतं? मागितला असता तर तुमी दिला नसता व्हय?"

तात्याबाने तोंड उघडलं. शेत मागितलं असतं तर त्याने दिलं असतं, बैल दिले असते. याला शिकवताना स्वतःच्या पोटाला चिमटा घेतला होता, तेव्हा एकदाही विचार करावा लागला नव्हता. आणि आता एवढ्याशा चाकूपाशी जीभ अडली होती.

"दिला असता की," तो म्हणाला.

पण तोवर सुषमा चहा घेऊन येऊन उभी राहिली होती, आणि उत्तराला किती उशीर झाला ते तिलाही कळलं होतं.