जबड्यातला पाळणा

ऑगस्ट ब्रँट म्हणजे अमेरिकेत टूसॉनच्या विद्यापीठातल्या आमच्या खगोल विभागातला वाघ. मारिसोल ओचोआ त्यांची विद्यार्थिनी. आकाशगंगेच्या मधोमध, कृष्णविवराला अगदी खेटून, तिला काही निळे, रसरसलेले तारे सापडले. ताऱ्यांच्या हिशेबात ते कालच जन्मलेले होते.

ब्रँटनी भर बैठकीत तिचा आलेख हातात धरून हलवला. "तारे ज्यातून जन्मतात तो वायूचा ढग तिथं जमण्याआधीच ओढीनं त्याच्या चिंधड्या होतात, बाई! सिंहाच्या जबड्यात कुणी पाळणा बांधतं का? आधी दुर्बिणीची काच पूस. मग जमलं तर डोकंही."

सगळे हसले. ब्रँटनी तिला प्रबंधातून ते प्रकरण काढायला लावलं आणि पुढे कुठंही तिची शिफारस केली नाही. ती चिलीतल्या एका वेधशाळेत निघून गेली.

काही वर्षांनी इतरांनी तपासलं, तेव्हा तारे खरेच कोवळे निघाले. ते तिथं कसे आले यावर अजून वाद आहे, पण ते आहेत यावर नाही. मारिसोलचं नाव झालं.

ब्रँटच्या निवृत्तीच्या निरोप समारंभाच्या दुपारी तिलाच बोलायला बोलावलं होतं. तोवर सरांची स्मृती पार गेली होती. त्यांच्या बायकोनं, इंग्रिडनं, तिला दारातच गाठलं. "पोरी, जुनं काही काढू नकोस गं."

"मी फक्त तारे दाखवणार आहे," मारिसोल म्हणाली.

पडद्यावर कृष्णविवराभोवती भिरभिरणारे तारे पाहून ब्रँट लहान मुलासारखे टाळ्या पिटायला लागले. "वा! कुणी शोधले हे?"

"मी, सर."

"शाब्बास! आणि कुणाचा विश्वासच बसला नसेल, नाही? कोण होता तो गाढव?"

इंग्रिडनं मारिसोलकडे पाहून मान हलवली, नको, नको.

"तुम्ही, सर," मारिसोल म्हणाली आणि जबड्याचं, पाळण्याचं, काच पुसण्याचं सगळं वाक्य तिनं त्यांच्याच आवाजात, त्यांच्याच हेलात म्हणून दाखवलं.

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. ब्रँटचा चेहरा हळूहळू विरघळत गेला. "मी? असं म्हणालो?" त्यांचे डोळे भरून आले. इंग्रिडनं त्यांना जवळ घेतलं. ते शांत झाले, त्यांनी डोळे पुसले, पुन्हा पडद्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"वा! कुणी शोधले हे?"

"मारिसोल, पुरे," मी म्हणालो. विभागात मी ब्रँटच्या शेजारच्याच खोलीत बसायचो.

"विचारतायत ते," ती म्हणाली. "मला रोज ऐकवायचे. त्यांना दोनदा ऐकायला काय झालं?"

आणि तिनं पुन्हा सांगितलं. अगदी तसंच, पाळण्यासकट.

या वेळी ते हुंदके द्यायला लागले. इंग्रिड त्यांना दंडाला धरून बाहेर घेऊन गेली. दार बंद होताना त्यांचा आवाज आला, "इंग्रिड, मी का रडतोय?"

टेबलावर केक तसाच होता. मारिसोलनं सुरी घेतली. आम्ही एकेक करून ताटल्या पुढे केल्या.